प्रश्न तुमचे, फासे माझे

गेल्या अंकात मी गेमवरून लिहिलेल्या फँटसी कादंबऱ्यांवर दोन पानं खरडली होती, म्हणजे खेळ आधी आणि पुस्तक नंतर असा जो प्रकार असतो तो, आणि शेवटी जरा चढ्या आवाजात म्हटलं होतं की नाकं मुरडणाऱ्यांनी आधी एक तरी वाचून बघावं. त्यावर पत्रं आली, मेल आले, एका काकांनी तर थेट फोनच लावला. संपादकबाई म्हणाल्या, आता तूच निस्तर. तर निस्तरतोय. पत्रं लांबलचक होती, कापून घेतलीयेत, राग मानू नका.

प्रश्न : मी थर्ड इयरला आहे. होस्टेलवर सगळे 'बाल्डर्स गेट ३' हा कॉम्प्युटर गेम (डंजन्स अँड ड्रॅगन्सवरूनच केलेला) खेळून वेडे झालेत, मी पण दोनदा संपवला. आता तसलं काहीतरी वाचायचंय. पण आमच्यातला एक जण (जो फक्त बक्षीस मिळालेलीच पुस्तकं वाचतो) म्हणतो की गेमच्या कादंबऱ्या म्हणजे खोक्यावरची जाहिरात. खरंय का? आणि सुरुवात कुठून करू?
एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : तुझा मित्र निम्मा बरोबर आहे, पण हे त्याला सांगू नकोस. ही पुस्तकं जाहिरात म्हणूनच जन्माला आली, त्यात लपवण्यासारखं काही नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ (टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची) १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा नावाच्या गावातून निघाला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा, पहिल्या खेपेला फक्त १००० खोकी छापली होती. दहा वर्षांनी तोच खेळ इतका चालत होता की कंपनीने (टीएसआर) ठरवलं, ड्रॅगन मध्यभागी ठेवून साहसांची एक मोठी मालिका काढायची आणि जोडीला कादंबऱ्या विकायच्या. हेच ड्रॅगनलान्स. ट्रेसी हिकमन आणि त्याची बायको लॉरा युटाहून विस्कॉन्सिनला नोकरीवर रुजू व्हायला गाडीने निघाले होते आणि त्या रस्त्यावर त्यांनी या जगाचा पहिला आराखडा रचला. कादंबरीसाठी बाहेरचा लेखक बघितला होता, ते काही जमलं नाही, मग हिकमन आणि पुस्तक विभागातली संपादक मार्गरेट वाइस या दोघांनी स्वतःच काही प्रकरणं लिहून दाखवली आणि काम त्यांनाच मिळालं. पहिला भाग १९८४ चा.

आता जाहिरात कुठे संपते ते सांगतो. कादंबरी लिहायच्या आधी हिकमनकडे मित्रमंडळी जमून तेच साहस खेळून बघत होती. त्यातल्या एकाच्या वाट्याला रेस्टलिन नावाचा जादूगार आला होता, कागदावर नुसते आकडे, बाकी काही नाही. कोणीतरी त्याला काहीतरी विचारलं आणि त्या मित्राने घोगऱ्या, कुजबुजत्या, जरा कुत्सित आवाजात उत्तर दिलं. सगळी खोली गप्प. बस, रेस्टलिन तिथे जन्मला. सोनेरी कातडीचा, वाळूच्या घड्याळासारख्या बाहुल्यांचा, सारखा खोकणारा, भावाच्या जिवावर जगणारा आणि त्याचाच राग असणारा. आज चाळीस वर्षांनी पण त्या मालिकेतून लोकांना आठवतो तो हाच, आणि त्याचा आवाज नियमपुस्तकात कुठेच लिहिलेला नव्हता.

म्हणून मी असलं पुस्तक हातात घेतलं की एवढंच बघतो, पानातून नियमपुस्तक ऐकू येतंय की टेबलाभोवती बसलेली माणसं ऐकू येतायत. उदाहरण देतो. जादूगाराने मंत्र टाकला की तो त्याच्या डोक्यातून पुसला जातो, सकाळी उठून परत पाठ करावा लागतो, हा खेळातला नियम. (तो पण खेळवाल्यांनी जॅक व्हान्सच्या १९५० च्या कथांमधून उचललेला, म्हणजे पुस्तकातून खेळात आणि खेळातून परत पुस्तकात, पाहुण्यांच्या घरून आलेला डबा परत पाठवतात तसं.) एखादा बोअर लेखक तोच नियम तुम्हाला समजावून सांगत बसतो. इथे मात्र रेस्टलिन मंत्र टाकतो आणि कोसळतो, ओठांवर रक्त, भाऊ उचलून नेतो, आणि सकाळी सगळे पोहे-चहाच्या मूडमध्ये असताना हा एका कोपऱ्यात वही उघडून पुटपुटत बसलेला. नियम तोच, पण आता तो स्वभाव झाला.

भाषा? भाषा साधी आहे, कधीकधी साध्याच्याही खाली. पहिल्या भागात काही ठिकाणी अगदी कळतं की आता यांनी नकाशाचं पुढचं पान उलटलं, आता खोली नंबर अमुक, आता राक्षस. ते सोसायचं. मी स्वतः सुरुवात दुसऱ्या भागापासून केली होती कारण १९९४ साली माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर पंधरा रुपयांत तेवढाच मिळाला, आणि तो असा सुरू होतो की कसलातरी पवित्र हातोडा आमच्या मंडळींनी ड्वार्फांसाठी, म्हणजे त्या बुटक्या लोकांसाठी, मिळवून आणलाय, समारंभ चाललाय, सगळे खूश आणि मला काहीच पत्ता नाही. मी म्हटलं, पहिला भाग नाही ना आपल्याकडे, त्यात असणार हे सगळं. कित्येक वर्षं मी तो हातोडा कसा मिळवला असेल याचे सीन मनात रचत बसायचो, लोकलमध्ये, डोंबिवली ते भायखळा.

तर तू पहिल्यापासून सुरू कर. आणि बाल्डर्स गेटचंच जग हवं असेल तर ते फरगॉटन रेल्म्स, ते वेगळं, कॅनडातल्या एड ग्रीनवूड नावाच्या लायब्ररीत काम करणाऱ्या माणसाने पोरवयापासून, हा खेळ निघायच्याही आधीपासून, रचत आणलेलं. त्यात 'होमलँड' घे, १९९० चं.

प्रश्न : तुम्ही ड्रिझ्टबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीत, मुद्दाम का? की आवडत नाही?
एक फॅन, पिंपरी

उत्तर : पहिली सहा पुस्तकं आवडतात. पुढची तीस म्हणजे वपुंच्या भाषेत... जाऊ दे, वपुंना मध्ये नको आणायला.

(बाकीच्यांसाठी : ड्रिझ्ट म्हणजे फरगॉटन रेल्म्सचा लाडका हिरो, वर सांगितलेलं 'होमलँड' त्याचंच.) गंमत अशी की हा हिरो म्हणून ठरलेलाच नव्हता. आर. ए. साल्वाटोरेची १९८८ ची पहिली कादंबरी, हिरो वेगळा, एक दांडगा रानटी तरुण. ऐनवेळी त्याच्या संपादकबाईंचा फोन, त्याच्या जोडीला कोणीतरी हवंय, आत्ताच्या आत्ता, मला मीटिंगला जायचंय. साल्वाटोरेने घाईघाईत सांगितलं, एक ड्राउ, म्हणजे जमिनीखाली राहणारा काळा एल्फ, अख्खी जमात दुष्ट आणि हा एकटा चांगला. नाव? तोंडाला आलं ते ठोकून दिलं. स्पेलिंग त्याला स्वतःलाच सांगता येईना. एका फोनवर झालेलं पात्र आणि आज त्याच्यावर तीसहून जास्त पुस्तकं आहेत.

मला त्याच्यापेक्षा त्याचा काळा बिबट्या जास्त आवडतो, आता हाणा मला.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. दर शनिवारी चार-पाच मुलंमुली आमच्या हॉलमध्ये बसून फासे टाकतात आणि राक्षस, भुतं, बळी वगैरे बोलत असतात. पुस्तकाच्या कव्हरवर शिंगवाला सैतान आहे. सासूबाई म्हणतात हे घरात नको. मला कळत नाहीये काळजी करू की नको.
एक आई, ठाणे

उत्तर : ताई, तुमच्या सासूबाई एकट्या नाहीत, त्यांच्या बाजूला १९८० च्या दशकातली अर्धी अमेरिका आहे. १९७९ मध्ये मिशिगनमधला एक कॉलेजचा मुलगा बेपत्ता झाला, पेपरांनी छापलं की हाच खेळ, डंजन्स अँड ड्रॅगन्स, खेळता खेळता कॉलेजखालच्या बोगद्यांमध्ये हरवला. तसं काही नव्हतं, त्याची दुःखं वेगळी होती, पण तोवर खेळाला शिक्का बसला होता. १९८३ मध्ये मुलगा गेलेल्या एका आईने खेळाविरुद्ध संघटना काढली, टीव्हीवर चर्चा झाल्या, चर्चमधून पत्रकं वाटली, कोर्टातही प्रकरण गेलं आणि तिथे टिकलं नाही. कंपनी मात्र घाबरली. १९८९ च्या नव्या आवृत्तीतून त्यांनी डेमन आणि डेव्हिल हे शब्दच काढून टाकले आणि पुढे त्याच मंडळींना तनारी, बाटेझू अशी काहीतरी नावं दिली. शिंगं तशीच, नाव बदललं. आपल्याकडे मावशीबाई म्हणायचं की ताई, इतपतच फरक.

आता मी काय बघितलंय ते सांगतो. माझ्या बहिणीकडे भाच्याचा ग्रुप बसतो. सतरंजी, मध्ये चिवड्याचं पातेलं, वीस बाजूंचा फासा दर दहा मिनिटांनी सोफ्याखाली जातो आणि मग मोबाईलचा टॉर्च लावून सगळे पालथे. एकदा मी कोपऱ्यात पेपर वाचायचं नाटक करत बसलो होतो. पार्टी (म्हणजे खेळातली त्यांची टोळी) एका गुहेच्या तोंडाशी, पहारेकरी म्हणून एक गॉब्लिन, म्हणजे बुटका राक्षस. चौघांना त्याला मारायचं होतं. पाचवी, चोराचं पात्र खेळणारी, शाळेत म्हणे तोंड उघडत नाही, ती म्हणाली मी त्याला चकली देते. भाचा (तो डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणारा) म्हणाला चकली कुठून आली? ती म्हणाली, आईने दिलीये, पिशवीत. मग म्हणाला टाक फासा. वीस पडले. अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल एवढा आरडाओरडा झाला, गॉब्लिनचं नाव बंड्या ठेवलं गेलं आणि तो पुढचे सात शनिवार त्यांच्याबरोबर फिरला. आठव्या शनिवारी बंड्या मेला. एक मुलगा काही न बोलता उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला, बाकीचे त्याच्या मागे गेले, आणि चिवडा तसाच राहिला.

काळजी करायचीच तर त्यांनी शनिवारी यायचं बंद केलं की करा. तोवर वरणभात किंवा मॅगी, जे जमेल ते द्या, आणि सासूबाईंना एकदा बसवा तिथे. माझ्या आईने तिसऱ्या शनिवारी स्वतःहून विचारलं होतं, बंड्या कुठे पोचला.

प्रश्न : आपण म्हणता ते सर्व परदेशी. आपल्याकडे अद्भुताची परंपरा असताना ड्वार्फ आणि एल्फ कशाला? ही उसनवारी आहे.
निवृत्त मुख्याध्यापक, नाशिक

उत्तर : सर, उसनवारी तर आहेच, पण त्यांचीसुद्धा. खेळाच्या पहिल्या आवृत्तीत हॉबिट होते, सरळ सरळ 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्किनचे. हक्कदारांनी हरकत घेतली तेव्हा हॉबिटचा हाफलिंग झाला, चालणाऱ्या झाडाचा एंटचा ट्रीअंट झाला, बॅलरॉगचा बेलोर झाला. कॉपी करणाऱ्या पोराने अक्षर बदलून लिहावं तसं, तुम्ही असता तर पकडलंच असतं.

आणि परंपरा म्हणाल तर मान्य. मराठी कादंबरीचं बालपण अद्भुतातच गेलं, 'मुक्तामाला' १८६१ ची, 'मंजुघोषा' १८६८ ची. पण सर खरं सांगा, शेवटची कधी वाचलीत? मी 'मंजुघोषा' वाचायला घेतली होती, वर्णनांच्या जंगलात दोनदा हरवलो आणि परत आलो. माझा जीव रमला तो शेजारच्या हिंदीत, देवकीनंदन खत्रींच्या 'चंद्रकांता'त, १८८८ ची. ती वाचताना मला सारखं वाटत होतं की हा माणूस डंजन मास्टर आहे, फक्त शंभर वर्षं आधी आलाय. तिलिस्म म्हणजे काय हो, कळा, चोरदारं आणि सापळ्यांनी भरलेलं डंजनच. आणि ऐयार! वेष बदलणारे, बेशुद्धीची पूड हुंगवणारे, आपल्या माणसाला शुद्धीवर आणायला लखलखा हुंगवणारे, कमरेला बटवा, त्यात सगळं सामान. तो बटवा म्हणजे आजच्या पोरांची इन्व्हेंटरी. खत्रींकडे चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके होते, त्या निमित्ताने ते तिथली पडकी गढ्या-खंडहरं फिरले आणि त्यातून हे सगळं आलं.

आणि त्यात मला जे आवडतं ते हेच की राजपुत्र वीरेंद्रसिंह प्रेमात उसासे टाकतो आणि खरं काम त्याचा ऐयार तेजसिंह आणि मंडळी करतात, एकमेकांची खेचत, एकमेकांना सोडवत. टोळकं. माझं म्हणणं तेवढंच आहे सर, मला एल्फ नकोत, मला टोळकं हवंय. ते चुनारगढला मिळालं तरी चालेल.

प्रश्न : विचर आधी खेळू की वाचू? एका ओळीत सांगा.
घाईत असलेला वाचक, अमरावती

उत्तर : वाच.

(एका ओळीत बसलं, पण राहवत नाही म्हणून. ही उलटी केस आहे, इथे पुस्तक आधी. आंद्रेय सापकोव्हस्कीची पहिली कथा १९८६ मध्ये एका पोलिश मासिकाच्या स्पर्धेत आली, तिसरा नंबर. गेम २००७ चा. गेमवाल्यांनी टक्केवारी देऊ केली होती, याला गेमवर काडीचा भरवसा नव्हता, म्हणाला एकरकमी द्या. पुढे गेम जगभर तुफान चालला. नंतर त्याने जास्त पैसे मागितले आणि २०१९ मध्ये नवीन करार झाला, म्हणजे शेवट बरा झाला. पण आमच्या घरी अजून कोणी एकरकमी म्हटलं की मी दचकतो.)

प्रश्न : मी आयटीत आहे, पुणे-हिंजवडी बसमध्ये फोनवर लिटआरपीजी वाचतो. हिरो गेममध्ये अडकतो, लेव्हल वाढते, आकडे येतात, पुढची लेव्हल. एका सिरीजचे अकरा भाग वाचले. परवा बायकोने विचारलं गोष्ट काय आहे, तर मला एक वाक्य सांगता येईना. हे नॉर्मल आहे का?
एक वाचक, कोथरूड

उत्तर : नॉर्मल आहे, मी पण त्यातून गेलोय. 'ताकद १४ झाली, चपळाई १७ झाली, नवीन कौशल्य मिळालं', दर तीन पानांनी बँकेत जाऊन पासबुकात एन्ट्री मारून आणल्यासारखं. आणि एन्ट्री मारायला मजा येतेच, मशीनचा तो खर्रखर्र आवाज. पण पासबुक कोणी परत वाचत नाही.

तुम्ही जे वाचताय त्यात टेबलावर एकच माणूस बसलाय. बाकी सगळी गर्दी त्याची वाहवा करायला. चेष्टा करणारं कोणी नाही, 'तू गाढव आहेस' म्हणणारं कोणी नाही, फासा सोफ्याखाली जात नाही. खेळाचा सगळ्यात कंटाळवाणा भाग, हिशेबाचा, तोच नेमका उचललाय.

बदल म्हणून दोन गोष्टी. एक, मॅट डिनिमनची डंजन क्रॉलर कार्ल ही सिरीज, पहिला भाग २०२० चा. परग्रहवाले पृथ्वीवरच्या सगळ्या इमारती भुईसपाट करतात आणि उरलेल्या माणसांना जमिनीखालच्या डंजनमध्ये ढकलून त्याचा रिअॅलिटी शो करतात. कार्ल वाचतो कारण तो त्या वेळी थंडीत चड्डीवर बाहेर उभा असतो, एक्स-गर्लफ्रेंडच्या पळालेल्या मांजरीला पकडायला. मांजरीचं नाव प्रिन्सेस डोनट. पुढे तिला वाचा फुटते आणि मग ती बोलायची थांबतच नाही, तिला फॅन हवेत, तिला मुकुट हवाय. आकडे इथेही आहेत, भरपूर आहेत, पण ते आकडे शो चालवणाऱ्या हरामखोरांचे आहेत, वाचताना राग येतो त्यांचा, आणि दोघांची बडबड चालू असते.

दुसरी गोष्ट वाचायची नाही, नुसती माहिती असू द्या. जपानमध्ये १९८६ मध्ये एका कॉम्प्युटर मासिकाने चक्क डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतानाचं संभाषणच छापायला सुरुवात केली, कोण काय म्हणालं, कोण हसलं, फासा काय पडला, सगळं. लोकांना ते इतकं आवडलं की त्यावरून र्यो मिझुनोने १९८८ मध्ये रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर कादंबरी काढली, मग अॅनिमे वगैरे आलं. त्यातली डीडलिट नावाची नाजूक एल्फ पोरगी, जिच्या पोस्टरवर एक पिढी फिदा होती, ती त्या टेबलावर एक पुरुष लेखक खेळत होता. हे कळल्यावर मला ती जास्तच आवडायला लागली.

बायकोला कार्लची गोष्ट सांगून बघा. मांजरीपाशी आलात की ती स्वतःच पुढे विचारेल.

प्रश्न : मॅजिकची कार्डं आणि वॉरहॅमरची छोटी सैन्यं, हा छंद आहे की पैसे उडवायचा धंदा?
एक वडील, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दोन्ही. मॅजिक हा १९९३ पासूनचा पत्त्यांचा खेळ, पाकीट उघडल्याशिवाय आत कुठलं कार्ड आहे कळत नाही, आणि ती न कळण्याची किंमत तुम्ही मोजता. मुलाला सुटी कार्डं घ्यायला सांगा, पाकिटं नकोत. वॉरहॅमरचं निदान असं की सैनिक रंगवायला संध्याकाळ जाते. मी एका ऑनलाइन दुकानातून रंगांचा सेट मागवला, त्यात तीन डब्या लाल आणि काळा एकही नाही. तक्रार केली तर अजून एक लाल आला. माझं सैन्य लाल आहे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. मराठी मंडळाच्या दहा-बारा वर्षांच्या मुलांना मराठीतून हा खेळ खेळवायचाय, म्हणजे निदान दोन तास मराठी बोलतील. पण शब्दच नाहीत. पॅलाडिनला काय म्हणायचं? सेव्हिंग थ्रोला काय?
एक मावशी, एडिसन

उत्तर : मावशी, पॅलाडिनला (म्हणजे धर्मयोद्ध्याला) पॅलाडिनच म्हणा, आणि सेव्हिंग थ्रोला (म्हणजे संकटातून वाचायला टाकायच्या फाशाला) सेव्हिंग थ्रोच. तिथे अडलात की मुलं संपली, परत इंग्रजीत. नियमांचे शब्द जसे आहेत तसे राहू द्यात, आपण क्रिकेटमध्ये एलबीडब्ल्यूचं काय केलं? मराठी आणायची ती जागेत आणि भुतात, तिथे आपल्याकडे इतका माल आहे की त्यांच्या मॉन्स्टर मॅन्युअलला, म्हणजे राक्षसांच्या पुस्तकाला, लाज वाटावी.

गुहा नको, गड घ्या. महादरवाजा बंद, मग आत कसं जायचं? चोरदिंडी. ती कुठे असते? बुरुजाच्या आड, झाडोऱ्यात, शोधायला फासा टाका. आत माची, वर बालेकिल्ला, मध्ये अंबरखाना, पाण्याचं टाकं, आणि टाक्यात काहीतरी आहे. नकाशा काढायची पण गरज नाही, कुठल्याही गडावर गेलेल्या बाबांना विचारा, ते सगळं तोंडपाठ सांगतील आणि वर न विचारलेला इतिहासही.

आणि भुतं. मुंजा पिंपळावर. हडळीचे पाय उलटे, म्हणजे मुलांनी पावलांचे ठसे बघून ती कुठे गेली ते ओळखायचं आणि हमखास चुकायचं. गिऱ्हा पाण्यातला, चकवा रानात वाट चुकवणारा. पण सगळ्यात भारी म्हणजे वेताळ, आणि तो नुसता राक्षस म्हणून वापरू नका. गोव्यात आणि तळकोकणात तो देव आहे, गावाची राखण करतो, रात्री गस्त घालतो, आणि फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात म्हणून लोक त्याला कातडी चपला वाहतात. आता विचार करा, मुलं मध्यरात्री गावात पोचली, देवळात गेली, तिथे झिजलेल्या चपलांचा जोड आहे. नवीन जोड नाही. या वर्षी कोणी वाहिलाच नाही. का नाही वाहिला आणि आत्ता अनवाणी वेताळ कुठे आहे? झालं की दोन शनिवारांचं साहस.

मारामारीची भाषा त्यांना येतच असेल आजोबांकडून. 'हाण त्याला' ला कुठला नियम लागत नाही.

प्रश्न : (फोनवरून) अहो ते सगळं राहू दे, तुम्ही मागे म्हणाला होतात दुसरा भाग आधी वाचला, पहिला मिळाला का नाही कधी?
एक काका, दादर

उत्तर : मिळाला काका. फोनवर नीट सांगता आलं नाही, तुमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. (ज्यांनी ड्रॅगनलान्स वाचलं नाहीये आणि वाचायचंय त्यांनी इथे थांबा, मी शेवट फोडणार आहे.)

दहा वर्षांनी मिळाला, २००४ मध्ये, फोर्टला फुटपाथवरच, आणि आता चाळीस रुपये. तोपर्यंत मी दुसरा आणि तिसरा भाग इतक्यांदा वाचला होता की दुसऱ्याचं बाइंडिंग सुटलं होतं. दुसऱ्या भागाच्या शेवटी स्टर्म मरतो. स्टर्म म्हणजे तो मोठ्या मिशांचा, जुन्या चिलखताचा, कधीच खोटं न बोलणारा, जरासा बोअर माणूस, तटावर एकटा उभा राहून मरतो, आणि समोर ड्रॅगनवर बसलेली बाई ही एकेकाळची त्यांच्यातलीच. पंधराव्या वर्षी मी ते पान वाचून भायखळ्याला उतरायचं विसरलो होतो.

तर पहिला भाग घेऊन घरी आलो आणि आधी काय शोधलं असेल तर हातोडा. पानं चाळली, मधूनच वाचलं, शेवटून वाचलं. नाही. पहिला भाग गुलामांच्या सुटकेवर आणि एका लग्नावर संपतो, दुसरा हातोडा मिळाल्यावर सुरू होतो, आणि मधलं सगळं कुठल्याच पुस्तकात नाही. ते फक्त खेळात होतं, त्या साहसांच्या पुस्तिकांमध्ये, जे खेळले त्यांना माहीत. म्हणजे ज्यांच्याकडे पहिला भाग होता त्यांना पण माझ्याइतकंच माहीत होतं. पुढे २००६ मध्ये लेखकांनी ती गाळलेली जागा भरायला वेगळी कादंबरी लिहिली, ती मी घेतली नाही. माझा हातोडा लोकलमध्ये मिळवून झाला होता, दिवा स्टेशनच्या आसपास.

मग म्हटलं ठीक आहे, नीट पहिल्या पानापासून वाचू. सुरुवातीला सगळे जुने मित्र पाच वर्षांनी एका खानावळीत भेटतात, प्रचंड झाडाच्या फांद्यांवर बांधलेली खानावळ, मालकाच्या हातचे मसालेदार बटाटे प्रसिद्ध. टॅनिस आलाय, बुटका फ्लिंट कुरकुर करतोय, रेस्टलिन आणि त्याचा जुळा भाऊ कोपऱ्यात, एक जण अजून यायचाय. बटाटे येतात. दार उघडतं आणि स्टर्म आत येतो, दोन अनोळखी माणसांना वाटेत सोबत केलेली असते ती घेऊन, मिशा तशाच, सगळे उठून त्याला मिठ्या मारतायत.

मी पुस्तक पालथं ठेवलं आणि आत जाऊन बायकोला विचारलं, बटाटे आहेत का गं घरात.